पोटभर जेवून बारीक होण्याचा इतिहास

सोमवारपासून डाएट सुरू करणाऱ्यांची आपल्याकडे एक वेगळी जमात आहे. सोमवारी दोन काकड्या, मंगळवारी सूप, बुधवारी चिडचिड, गुरुवारी टीममधल्या कोणाचा तरी वाढदिवस आणि शुक्रवारी "जाऊ दे, पुढच्या सोमवारी बघू". ह्या जमातीचे चार-पाच सभासद तुमच्या आजूबाजूच्या डेस्कवर नक्की असतील (एखादा आरशातही सापडेल). गंमत म्हणजे शेवटी सगळे एकाच निष्कर्षाला येतात - "माझ्यात विलपॉवरच नाही यार!"

आता हीच मंडळी रात्री तीनपर्यंत जागून रिलीज करतात. चार वर्षं हॉस्टेलच्या मेसचं जेवण ह्यांनी पचवलेलं असतं. विलपॉवर नाही असं कसं म्हणायचं? मग घोडं अडतं कुठे?

आमच्या घरात दोन पिढ्या मधुमेह आहे. त्यामुळे माझ्यासाठी हा विषय जीन्सच्या साइजपुरता नाही. गेले काही वीकएंड मी ह्याचा इतिहास वाचत बसलो होतो आणि त्यात एक मजेशीर गोष्ट दिसली. वजन उतरवताना भुकेचं काय करायचं, ह्या प्रश्नाला गेल्या १६० वर्षांत दोन उत्तरं मिळत आली आहेत. एक म्हणतं, भूक सहन करा. दुसरं म्हणतं, भूक भागेल असं खा. पहिलं उत्तर जास्त गाजलं. पण पुरावे बघत गेलं की दुसरंच जास्त पटतं. कसं ते सांगतो.

सुरुवात लंडनपासून. विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. धंदा अंत्यविधीची व्यवस्था बघण्याचा, तोही साधासुधा नाही. राजघराण्यातल्या अंत्ययात्रांची कामं ह्यांच्या घराण्याकडे असत. ऑगस्ट १८६२ मध्ये ह्यांची साठी उलटलेली, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. बुटाची नाडी बांधता येत नव्हती. जिना उतरताना गुडघे दुखू नयेत म्हणून हळूहळू उलटे उतरायचे.

बिचाऱ्यांनी उपाय कमी केले नव्हते. औषधं झाली, वाफेची स्नानं झाली, निरनिराळ्या गावचं पाणी पिऊन झालं. पहाटे उठून होडी वल्हवायलाही सुरुवात केली होती. दंडात ताकद आली, पण भूक इतकी सणसणून लागायला लागली की वजन उलट वाढलं! (जिममधून बाहेर पडून थेट वडापावच्या गाडीकडे जाणाऱ्या तमाम बंधू-भगिनींना हे ओळखीचं वाटेल.)

शेवटी ऐकू कमी यायला लागलं म्हणून ते विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वेंनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार ह्या मोठ्या शास्त्रज्ञाचं यकृत आणि मधुमेहाबद्दलचं व्याख्यान ऐकलं होतं. त्यांनी कानापेक्षा पोटाकडे बघितलं आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करायला सांगितलं. बंद केलं ते एवढंच. बाकी दिवसातून चार वेळा व्यवस्थित जेवण होतं - मासे, मांस, भाज्या, थोडी फळं, टोस्टचा छोटा तुकडा आणि (साहेब असल्यामुळे) रेड वाइन.

वर्षभरात बँटिंग ४६ पौंडांनी, म्हणजे सुमारे २१ किलोंनी उतरले. त्यांना इतका आनंद झाला की १८६३ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने ह्यावर पुस्तिका छापली आणि सुरुवातीला फुकट वाटली. तिच्यातला त्यांचा मुख्य मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचं म्हणणं असं, की किती खायचं ते भुकेवर खुशाल सोपवा, लक्ष द्यायचं ते काय खातो ह्यावर. पुस्तिका एवढी गाजली की स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही 'बांता' म्हणतात. एका अंत्यविधीवाल्याच्या आडनावाचं क्रियापद झालं!

आता एका माणसाचा अनुभव म्हणजे सिद्धांत नव्हे. डॉक्टरांनी तेव्हा बँटिंगवर टीकाही भरपूर केली. आणि तेवढ्यात अमेरिकेत एक नवीन आकडा आला, ज्याच्यापुढे बँटिंग मागे पडले.

कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर नावाचे प्राध्यापक होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांनी एक माणूस मावेल एवढी बंद खोली तयार केली. माणूस आत खाणार, झोपणार, सायकल मारणार आणि बाहेर त्याच्या शरीरातून निघालेली उष्णता आणि श्वास मोजला जाणार. आपल्या भाषेत सांगायचं तर माणसाचं लॉगिंग! ह्या सगळ्या कामातून आकडे आले ते असे - प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, चरबीच्या ग्रॅमला ९. बिस्किटाच्या पुड्यामागचा हिशेब आजही साधारण ह्याच आकड्यांवर चालतो.

ॲटवॉटरांचं शास्त्र पक्कं होतं. ते वजन उतरवण्यासाठी वापरायची कल्पना लोकांच्या घरात नेली ती लुलू हंट पीटर्स ह्या लॉस एंजेलिसच्या डॉक्टरबाईंनी. स्वतः एकेकाळी शंभर किलोंच्या आसपास असलेल्या ह्या बाईंनी १९१८ मध्ये कॅलरींवर पुस्तक लिहिलं. पावाचा तुकडा असं म्हणूच नका, शंभर कॅलरी पाव असं म्हणा, अशी त्यांची शिकवण होती. पहिलं महायुद्ध चालू होतं, युरोपात अन्नाचा तुटवडा होता. तेव्हा आपण उपाशी राहून वाचवलेलं अन्न म्हणजे देशसेवा, असा सूर त्यांनी लावला. वजन उतरवणाऱ्यांना त्यांनी दिलेला दिवसाचा आकडा होता १,२०० कॅलरी. हा आकडा ओळखीचा वाटतोय ना? शंभर वर्षं झाली, तरी डाएट चार्टवरून तो हलायला तयार नाही.

इथे भुकेचा अर्थ बदलला. बँटिंगसाठी भूक ही शरीराकडून आलेली सूचना होती. पीटर्सबाईंच्या पुस्तकापासून ती परीक्षा झाली. सहन केली तर पास, नाही केली तर तुमच्या स्वभावातच खोट.

ही परीक्षा खरोखर घेतली गेली ती दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी. युद्धामुळे युरोपात लाखो लोक उपाशी होते आणि त्यांना पुन्हा खायला घालायचं ते कसं, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज ह्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये ३६ तरुणांवर प्रयोग सुरू केला. हे तरुण कोण होते ते नीट बघा. लढाईत शस्त्र उचलणार नाही असं तत्त्व म्हणून सरकारला सांगणारे आणि त्यासाठी लोकांचे टोमणे खाणारे हे स्वयंसेवक. विलपॉवरचा नमुना हवा असेल तर ह्यांच्याहून चांगला मिळणार नाही.

आधी ते दिवसाला सुमारे ३,२०० कॅलरी खात. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्यांना सरासरी १,५७० च्या आसपास मिळाल्या. बटाटे, सलगमसारखे कंद, पाव, मॅकरोनी असलं जेवण आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. वजन सुमारे २५ टक्क्यांनी उतरलं. पण माणसांचं काय झालं? बोलण्यात, वाचण्यात, मुलींमध्ये, कशातच रस उरला नाही. दिवसभर डोक्यात फक्त जेवण. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. ताटं चाटून पुसून साफ. सतत थंडी, चिडचिड, उदासी. आणि प्रयोग संपून जेवण खुलं झाल्यावर? पोट गच्च भरलं तरी भूक भागेना. वजन परत आलं तेव्हा चरबी आधीपेक्षा जास्त चढली. कीज आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये ह्या सगळ्यावर दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले.

हे तरुण मुळात लठ्ठ नव्हते, त्यामुळे त्यांचं सगळंच आपल्याला लागू होत नाही, हे खरं. पण आकडे शेजारी ठेवून बघा. ह्या प्रयोगाला जग 'उपासमारीचा प्रयोग' म्हणतं, आणि त्यातलं रोजचं जेवण १,२०० च्या डाएट चार्टपेक्षा जास्त होतं! मग बुधवारी चिडचिड होते ह्यात नवल ते काय? ती तुमच्या शरीरातली अलार्म सिस्टिम आहे आणि ती अगदी ठरल्याप्रमाणे वाजते आहे.

ही सिस्टिम कशी चालते ते कळायला अजून पन्नास वर्षं जावी लागली. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांना लेप्टिनचं जनुक सापडलं. लेप्टिन म्हणजे चरबीच्या पेशींनी मेंदूला पाठवलेला 'साठा पुरेसा आहे' हा मेसेज. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी जठरातून निघणारं, भूक वाढवणारं घ्रेलिन शोधलं. आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं, की अगदी कमी कॅलरींवर दहा आठवडे काढून वजन उतरवलेल्या लोकांमध्ये वर्षभरानंतरही ही रसायनं भुकेच्याच बाजूने झुकलेली होती. डाएट संपतं, अलार्म वाजतच राहतो.

मग अलार्म न वाजवता खाणं कमी कसं करायचं? ह्यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग सिडनी विद्यापीठातला, १९९५ चा. सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ घेतले. प्रत्येकाचा बरोबर २४० कॅलरींचा वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारलं, पोट किती भरल्यासारखं वाटतंय? पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. क्रोसाँला मिळाले ४७, केकला ६५, शेंगदाण्यांना ८४, बटाट्याच्या वेफर्सना ९१. उलट संत्र्यांना २०२, ओटच्या लापशीला २०९, माशांना २२५. आणि पहिला नंबर कोणाचा? उकडलेला बटाटा, ३२३! कॅलरी सगळ्यांच्या सारख्याच, पण पोट भरण्यात सहा-सातपट फरक.

अरे, पण बँटिंगचा बटाटा तर बंद होता! हो. आणि उकडलेला बटाटा ३२३ असताना त्याचेच वेफर्स ९१ वर येतात हेही बघा. पाणी गेलं, तेल आलं, की संपलं. सिडनीच्या यादीत वर आलेल्या पदार्थांत साधारण तीन गोष्टी सापडतात - पाणी, चोथा आणि प्रथिनं. बँटिंगच्या ताटातून पाव-साखर गेली आणि मासे-भाज्या राहिल्या, तेव्हा साधारण हेच घडलं होतं.

पाण्याचं तर फारच मजेदार आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स ह्यांनी १९९९ मध्ये बायकांना जेवणाआधी चिकन-भाताचा एक पदार्थ दिला. एकदा नुसता, एकदा सोबत ग्लासभर पाणी आणि एकदा तेच पाणी आत घालून केलेलं सूप. ग्लासातल्या पाण्याने काहीच फरक पडला नाही. सूप प्यायलेल्या दिवशी मात्र पुढच्या जेवणात सुमारे १०० कॅलरी आपोआप कमी गेल्या. म्हणजे पाणी प्यायचं नाही, खायचं! आपल्या आमटीला, कढणाला, साराला ह्याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं?

आणि २०१९ चा केविन हॉल ह्यांचा प्रयोग. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद जेवण, दोन आठवडे घरच्यासारखं साधं जेवण. दोन्ही वेळा समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा सारखंच, आणि हवं तेवढं खा. पाकीटबंद आठवड्यांत लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले आणि ०.९ किलो वाढले. साध्या जेवणावर तेवढेच उतरले. चवीला दोन्ही त्यांना सारखीच आवडली होती. पण पाकीटबंद जेवण मऊ असतं, भराभर जातं, मेंदूला खबर लागायच्या आत ताट रिकामं! कोणी कोणाला उपाशी राहायला सांगितलं नव्हतं. ताट बदललं आणि भूक बदलली.

गेल्या काही वर्षांत सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं आली. २०२१ च्या मोठ्या चाचणीत त्याने वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. ती कोणाला द्यायची हा डॉक्टरांचा विषय. पण त्या इंजेक्शनात विलपॉवर भरलेली नसते. ते भूक कमी करतं, बस. विलपॉवरचा मुद्दा माझ्या मते तिथेच निकालात निघाला.

आता हे सगळं लंडन-अमेरिकेतलं झालं, आपलं काय? आपली गोष्ट पुण्यात आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापला गेला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात दिसलं, की आपली बाळं जन्मतःच इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी २.७ किलोंची असतात. पण त्यात स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकून असते. वरून बारीक, आतून लठ्ठ.

म्हणजे आपल्याकडे स्नायूंचं भांडवल मुळातच कमी. उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. वजनकाटा खूश, पण साखर सांभाळणारी यंत्रणाच आपण विकून खाल्ली. उपाशी डाएट म्हणूनच आपल्याला जास्त महाग पडतं. आणि 'मी तर बारीकच आहे' म्हणणाऱ्यांनीही पोटाच्या घेराकडे बघायला हवं.

आता दीक्षित सर म्हणतात दोनदाच जेवा, ऋजुता दिवेकर म्हणतात थोड्या थोड्या वेळाने खा, आणि घरोघरी ह्यावरून दोन पार्ट्या पडलेल्या. मला वरचा इतिहास वाचून वाटतं, की किती वेळा हा प्रश्न नंतरचा. जे वेळापत्रक तुम्हाला भुकेने कासावीस न करता वर्षानुवर्षं जमेल ते तुमचं. आधी ताट बघा. मी माझ्यापुरत्या काढलेल्या सवयी अशा -

जेवणाची सुरुवात पातळ किंवा कच्च्याने. वाटीभर आमटी, टोमॅटोचं सार, पातळ ताक, काकडी-गाजराची कोशिंबीर. भात नंतर.

भात बंद नाही, पण ताटातल्या जागांची अदलाबदल. भाताच्या डोंगरावर वरणाचा ओहोळ असतो त्याऐवजी वाटीभर भात आणि दोन वाट्या वरण-भाजी. ताट तेवढंच भरलेलं दिसतं.

प्रत्येक जेवणात प्रथिनं. मटकीची उसळ, पिठलं, अंडी, मासे, दही, काहीही. नुसते पोहे खाऊन निघालं की अकरा वाजता पोटात कावळे ओरडणारच. त्यात मोड आलेले मूग घाला, सोबत एक अंडं घ्या, मग बघा.

फळ चावून खायचं, रस काढायचा नाही. चार वाजता वेफर्सऐवजी फुटाणे किंवा एक संत्रं. शेंगदाणे मूठभरच (८४ गुण आठवा!). आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्ट, तूप आणि दाणे. उपास देवासाठी जरूर करा, वजनासाठी त्याचा उपयोग शून्य.

जेवताना मॉनिटर बंद. वीस मिनिटं डबा चावून खायला काढायची. जग थांबत नाही, मी तपासलंय.

आणि झोप. २००४ मध्ये शिकागोत १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तर लेप्टिन १८ टक्के घटलं आणि घ्रेलिन २८ टक्के वाढलं. रात्री अकराच्या क्लायंट कॉलनंतर फ्रिज का उघडला जातो, त्याचं उत्तर इथे आहे.

(मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम खाली जाऊ शकते.)

ह्यात नवीन असं काही नाही, आजीला विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं, असं कोणी म्हणेल. अर्धं खरं आहे. आजीच्या ताटात भाकरी, उसळ, ताक होतं. पण आजी विहिरीचं पाणी शेंदायची आणि आपण लिफ्टची वाट बघतो. आजीचं ताट आपण घेऊ शकतो, तिची भाकरींची संख्या नाही.

वजन एका महिन्यात पाच-सहा किलो उतरणार नाही, हेही सांगून ठेवतो. बँटिंगना २१ किलोंना वर्ष लागलं होतं. पण त्यांनी ते वर्ष उपाशी काढलं नाही, आणि १८७८ मध्ये गेले तेव्हा ऐंशी ओलांडलेली होती.

असो. उद्या सोमवार आहे. डब्यात उसळ जरा जास्त न्या.